तुम्ही मूळचे कोण ?

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचने ११ ते १४.



रिसोडच्या बाजारात म्हणा, वाशिमच्या वाटेवर म्हणा, अनोळखी मनुष्य भेटला म्हणजे तो नाव विचारितो, गाव विचारितो, आणि मग अंमळ थांबून तिसरा प्रश्न करितो : “तुम्ही कोण?” “आम्ही ख्रिस्ती,” असे सांगितले तरी त्याचे समाधान होत नाही. “ते ठीक, पण मूळचे कोण?” आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्या लहान आहेत, कोठे चार घरे, कोठे दहा. जे थोडे असतात त्यांस हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. त्याचे उत्तर शास्त्राच्या उजेडात शोधावे, असा आमचा आजचा हेतू आहे.

अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी व परराष्ट्रीय एका पंक्तीस जेवत असत. पेत्र तेथे आला तेव्हा तोही त्यांच्या पंक्तीस बसला. पुढे यरुशलेमेहून याकोबाकडील काही माणसे आली, तेव्हा लोक काय म्हणतील ह्या भयाने पेत्र मागे सरला. त्याचे पाहून इतर यहूदी सरले. बर्णबासारखा सज्जनही त्यांच्या मागे गेला. पेत्राने काही खोटे मत शिकविले नव्हते. त्याने केवळ आपले ताट दुसरीकडे नेले. तरी पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. कारण ज्या पंक्तीतून भाऊ उठून जातो, तेथे उपदेश कितीही शुद्ध असला तरी शुभवर्तमान खोटे ठरते. ह्या वचनांवरून चार गोष्टी ध्यानात घेऊ.

पहिली गोष्ट ही की, असली भिंत एकट्या आपल्याच देशात नाही. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्या काळी खुद्द अमेरिकेत, आफ्रिकेतून धरून आणिलेल्या लोकांची व त्यांच्या लेकरांची गुराढोरांप्रमाणे खरेदीविक्री चालू होती. देवाच्या मंदिरातही भेद होता. फिलाडेल्फिया शहरी एका मेथडिस्ट मंदिरात काळे विश्वासी गुडघे टेकून प्रार्थना करीत असता, ही जागा तुमची नव्हे म्हणून त्यांस ओढून उठविण्यात आले. त्यांचा पुढारी रिचर्ड ॲलन ह्याने १८१६ साली आपल्या लोकांची स्वतंत्र मेथडिस्ट संस्था स्थापिली. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते त्या गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केले. गावकुसाबाहेरच्या माणसाचे दुःख व समुद्रापलीकडील गुलामाचे दुःख सख्खे आहे, हे त्यांनी ओळखिले होते.

परंतु बेडी तुटली तरी भिंत उरली. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्यांच्या शाळा निराळ्या, पाण्याचे नळ निराळे, गाडीतील जागा निराळ्या. १९५५ च्या डिसेंबरात माँटगमेरी शहरी रोझा पार्क्स ह्या शिवणकाम करणाऱ्या बाईने गोऱ्या उतारूसाठी आपली जागा सोडण्याचे नाकारिले, म्हणून तिला अटक झाली. तेव्हा तेथील काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसगाडी वर्ज्य केली. कित्येक जण मोलमजुरीस पायी गेले व पायी आले. त्यांचा पुढारी मार्टिन लूथर किंग हा अवघा २६ वर्षांचा पाळक होता. पुढे १९६३ साली, १५ सप्टेंबरच्या रविवारी, बर्मिंगहॅम शहरी काळ्या लोकांच्या मंदिरात बाँब फुटला व चार मुली मृत्यू पावल्या. १९६४ साली भेदभावाविरुद्ध कायदा झाला. तरी किंग ह्यांचे एक दुःख निराळेच होते. रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे ऐन उपासनेच्या वेळी, आपला देश सर्वांहून अधिक विभागलेला असतो, असे ते सांगत. कायदा बसगाडीतील भेद मोडू शकतो; प्रभूच्या मेजावरील भेद मोडणे हे विश्वास्यांचेच काम आहे.

दुसरी गोष्ट कागदावरच्या भिंतीची. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती ठरविण्यात आल्या, तेव्हा हिंदू धर्मावाचून अन्य धर्म मानणारा त्यांत धरिला गेला नाही. पुढे १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्यांत घेतले. ख्रिस्ती त्या दोन्ही वेळी बाहेरच राहिले. गाव मात्र ख्रिस्ती झालेल्याची जात विसरत नाही. म्हणजे हिणवावयाचे तेव्हा आपण मूळचे, आणि साहाय्य द्यावयाचे तेव्हा ख्रिस्ती! ह्याविषयी कायद्याच्या मार्गाने दाद मागणे हे पाप नव्हे. पौलानेही फटक्यांच्या वेळी आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला होता. परंतु ह्या कागदापायी मंडळीत दोन तट पडू देऊ नका. जो भाऊ दाखल्याच्या चिंतेने ख्रिस्ताचे नाव उघड घेण्यास भितो, त्यास टाकून बोलू नका. त्याच्या घरी जा, त्याची अडचण ऐका. आणि ज्या भावाने ते नाव उघड लिहिले व त्यापायी मुलाची शिष्यवृत्ती गमाविली, त्याची आठवण केवळ प्रार्थनेत ठेवू नका. सुगीला सोयाबीन-तूर घरी येते, तेव्हा मंडळीच्या दानातून त्या मुलाच्या वह्यापुस्तकांचा वाटा आधी काढा. ख्रिस्तासाठी एका घराने सोसलेला तोटा हा सर्व मंडळीचा तोटा होय.

तिसरी गोष्ट बोलावयास कठीण आहे, पण ती न बोलून चालणार नाही. एक भिंत आपण स्वतः बांधितो. बाहेरच्याने “मूळचे कोण?” विचारिले म्हणजे आपल्याला झोंबते, आणि सोयरिकीची गोष्ट निघाली म्हणजे तोच प्रश्न आपण आपसांत विचारितो. मुलगी सुशील आहे, प्रार्थनेस येते, शिकलेली आहे. पण ती त्या वाड्याची, आम्ही ह्या वाड्याचे! बाप्तिस्म्याचे पाणी दोघांच्या कपाळी एकच पडले, मग हा वाडा कोठून राहिला?

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या, हे त्यांच्या मनास पटले, तेव्हा त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. आणि बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. बंधूंनो, त्या माउलीने पंगत आधी मोडिली व मग पाण्यात उतरली. आपल्यांतील कित्येकांचे उलट झाले आहे : पाण्यात उतरून पिढ्या गेल्या, पंगत अजून तशीच आहे.

चौथी गोष्ट ही की, भिंत पाडणे म्हणजे मूळ लपविणे नव्हे. पौलाने परराष्ट्रीयांस यहूदी व्हा असे सांगितले नाही. त्यांच्यावर तसे ओझे घालणाऱ्यांशीच त्याचे भांडण होते. पंक्ती एक असावी, आणि जो जसा आला तसा त्याने तीत बसावे. टिळकांनी ख्रिस्ती होऊन आपली मराठी टाकिली नाही. अभंग व कीर्तन ह्यांच्याच द्वारे त्यांनी ख्रिस्ताचे गुण गाइले. मग आपल्या वाडवडिलांच्या ओव्या, त्यांची बोली, त्यांचे कष्ट ह्यांची आपणांस लाज का वाटावी?

ह्याविषयी किंग ह्यांनी आपल्या मंडळीस १९६५ च्या ४ जुलै रोजी एका उपदेशात सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते १९५९ साली हिंदुस्थानात आले होते. त्रिवेंद्रम येथे पूर्वास्पृश्यांची मुले शिकत त्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख, अमेरिकेतील आपलाच एक अस्पृश्य भाऊ, अशी करून दिली. किंग प्रथम चमकले, त्यांस वाईटही वाटले. मग त्यांनी आपल्या देशातील कोट्यवधी काळ्या बांधवांची स्थिती मनात आणिली, आणि होय, मी तसाच आहे, असे स्वतःशी कबूल केले. मूळ कबूल केल्याने ते लहान झाले नाहीत; उलट दूरदेशीची ती मुले त्यांचे भाऊ झाली.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, आपल्या गावी तीन गोष्टी करा. पुढच्या प्रीतिभोजनात घराघरांची ताटे मिसळून वाढा, आणि स्वतः त्या घरच्या शेजारी बसा ज्याच्या शेजारी कोणी बसत नाही. सोयरिकीसाठी सल्ला विचारावयास कोणी आला तर वाडा विचारू नका, विश्वास व स्वभाव विचारा. आणि मुलांस “मूळचे कोण?” ह्याचे उत्तर मान वर करून द्यावयास शिकवा : आमचे आजेपणजे ह्याच मातीत राबले, गावाने त्यांस दूर ठेविले, ख्रिस्ताने त्यांस जवळ घेतले, आता आमच्या घरी या, आमच्याबरोबर जेवा.

ज्याने आपल्या देहाने दुभागणीची भिंत पाडिली, तो प्रभू येशू आपल्या लहान मंडळ्यांस धैर्य देवो, आणि आपली पंक्ती एक ठेवो. आमेन.