नावाची पट्टी

गुलाबांच्या कॅटलॉगइतके आशावादी वाङ्मय मी दुसरे वाचलेले नाही. संतांनीसुद्धा मोक्षाचे आश्वासन देताना थोड्याफार साधनेची अट घातली आहे. कॅटलॉगात अट एकच : ऑर्डर खालील पत्त्यावर पाठवावी.

१९८३ च्या पावसाळ्यात असा एक कॅटलॉग माझ्या हाती पडला. नर्सरी दूरच्या प्रांतातली. तिचे नाव मी सांगणार नाही. आणि या हकिकतीत खरे म्हणजे लपवायला हवे ते तिचे नाव नव्हे, माझे. पुण्याच्या आमच्या घरामागे बारा फूट बाय आठ फूट जागा होती. तिथे तोवर अळू, एक कढीलिंब आणि कपडे वाळत घालायची तार एवढीच मंडळी नांदत होती. कॅटलॉग हातात धरून मी त्या जागेकडे पाहिले आणि मला तारेच्या जागी ताटवे दिसू लागले.

"अहो, फुलं पोस्टानं येणार?" हिने विचारले.

"फुलं नाही गं, रोपं."

"म्हणजे पैसे पोस्टानं जाणार, एवढं नक्की."

कमीत कमी तीन रोपे मागवावी लागत. त्यातले माझ्या मनात भरलेले एक, 'पीस'. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि कडेला गुलाबी झाक. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच माणसाने ही जात तयार केली आणि १९३९ साली, युद्धाच्या तोंडावर, तिचे डोळे परदेशी धाडले. जर्मनीत तिला एक नाव मिळाले, इटलीत दुसरे. फ्रान्समध्ये तिला मेयाँच्या आईचे नाव होते, आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ ला तिचे नाव 'पीस' ठेवले गेले. हे सगळे मी हिला रंगवून सांगितले. "डोळे धाडले म्हणजे?" या प्रश्नाचेही उत्तर दिले. जातिवंत गुलाब बियांपासून करीत नाहीत. बी पेरले तर आईसारखेच फूल येईल याची खात्री नाही. म्हणून फांदीवरचा एक डोळा काढून तो एखाद्या दणकट जंगली गुलाबाच्या सालीत भरतात. त्या जंगली झाडाला खुंट म्हणायचे. डोळा धरला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकायचा. मग वर नाव एकाचे आणि खाली मुळे दुसऱ्याची.

"वर नाव एकाचं आणि खाली राबणारं दुसरंच," ही म्हणाली, "म्हणजे आपल्या घरासारखंच की!"

डिसेंबरात पोस्टमनने हाक मारली, "साहेब, काटक्या आल्यात. व्ही.पी. आहे." पैसे मोजून मी काटक्या घेतल्या. ओल्या शेवाळात मुळे गुंडाळलेली, वरून गोणपाट आणि सुतळीच्या अशा गाठी की सोडवताना बांधणाऱ्याविषयी आदर वाटावा. प्रत्येक काटकीला नावाची ॲल्युमिनियमची पट्टी तारेने बांधलेली. सोबत सूचनांचा छापील कागद होता. तो मी न वाचता जपून ठेवला. जपून ठेवलेल्या वस्तू आमच्या घरात पुन्हा सापडत नाहीत.

तिघांपैकी दोन रोपे महिन्याभरात गेली. मी घातलेले खत, हिने घातलेला चहाचा चोथा आणि शेजारच्या नानांनी घातलेला सल्ला, एवढे सगळे एका वेळी पचवणे कठीणच होते. उरला 'पीस'. त्याच्या शेंड्याला दोन बोटे लांबीची एक तांबूस फूट आली आणि रुसल्यासारखी तिथेच थांबली. उलट, खाली मातीतून एक हिरवीगार काठी निघाली आणि बघता बघता माझ्या गुडघ्याला लागली. कुटुंबात एक मुलगा कर्ता निघाला की बापाचा कल तिकडे झुकतो. वरची रुसकी फूट उगाच अन्न खाते, म्हणून मी ती मुळापाशी कापून टाकली. तिच्यावरची नावाची पट्टी सोडवली आणि स्वतःच्या हाताने त्या कर्त्या फांदीला बांधली.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती फांदी कंपाउंडावरून नानांकडे डोकावू लागली. १९८५ च्या फेब्रुवारीत फुले आली. बोराएवढी, पांढरी, झुपक्या-झुपक्यांनी. 'पीस'चे फूल तळहात भरून असते.

नाना कंपाउंडावरून म्हणाले, "जंगली आहे रे ही! फसवलं तुला."

मी कचेरीत वीस वर्षे लोकांची स्पष्टीकरणे मागवीत आलेलो. त्या रात्री नर्सरीला जे इंग्रजी पत्र लिहिले त्यात 'विश्वासघात' दोनदा आणि 'कायदेशीर इलाज' एकदा आला होता. पंधरा दिवसांत उत्तर आले. जातीची हमी आमची आहे. येत्या हिवाळ्यात 'पीस'चे नवे रोप विनामूल्य पाठवू. बांधणी करणाऱ्या माणसाला योग्य ती समज दिली आहे, तीस वर्षांत त्याच्या हातून असे प्रथमच घडले आहे. ते शेवटचे वाक्य मी हिला मोठ्याने वाचून दाखवले होते. मला फार बरे वाटले होते.

डिसेंबरात रोप आले, त्याच गाठी, तोच कागद. या वेळी मी तो वाचला. चौथी सूचना होती : सांध्याखालून येणारी फूट खुंटाची असते, ती तत्काळ काढून टाकावी. मी खुरपे घेतले आणि जुन्या झाडाच्या बुंध्याशी चार बोटे माती उकरली. मुळाच्या वर जुना सांधा होता, सांध्यावर वाळलेले एक थोटूक होते, आणि थोटकावर माझ्या कात्रीचा सरळ काप होता. हिरवी काठी त्याच्या खालून निघाली होती. नर्सरीने 'पीस'च पाठवला होता. तो मी मारला, त्याचे नाव खुंटाला बांधले आणि वर नाव खोटे असल्याची तक्रार केली.

आता प्रश्न असा, की जी चूक आपल्याखेरीज जगात कुणालाही ठाऊक नाही ती सांगावी का?

नाना म्हणाले, "अरे, व्यापारी आहे तो. असल्या नुकसानीचे पैसे त्यानं किमतीत आधीच धरलेले असतात."

म्हणजे माझे रोप दुसऱ्या कुणीतरी, न मागता, आधीच भरून दिले होते. हा दिलासा मला फारसा मानवला नाही. मग मी स्वतःच वकील झालो. मी खोटे बोललो नव्हतो. लिहिले त्यातल्या अक्षराअक्षरावर माझा विश्वास होता. पण असा विश्वास ठेवायला काय लागते? चार बोटे माती उकरली नाही की झाले. ज्याची खात्री करून घेणे आपल्या हातात होते, ती न करता आपण कुणावर आळ घेतला, तर 'मला खरंच तसं वाटलं' हे फार स्वस्त प्रायश्चित्त होते. शिवाय सांधा दिसेपर्यंत तो गैरसमज होता. दिसल्यानंतर गप्प बसलो तर ती लबाडी होणार होती.

हिने वाद एका वाक्यात मिटवला. "रोपाचे बारा रुपये राहू द्यात हो. त्या गाठी बांधणाऱ्याला बोलणी बसली, त्याचं काय?"

मी बारा रुपयांची मनिऑर्डर केली. मनिऑर्डरीच्या कुपनावर मजकुराला दोन बोटे जागा असायची. वीस वर्षांच्या नोकरीत इतका आटोपशीर मसुदा मी केला नव्हता. 'चूक माझी. खुंट वाढवला, कलम कापले. बांधणाऱ्यास कृपया सांगावे.' काही दिवसांनी पैसे पोचल्याची पावती सहीसह परत आली. पैशांची पोच मिळाली. निरोपाची मिळाली नाही. मी नंतर एक पत्रही टाकले, त्याचेही उत्तर नाही. माझी तक्रार त्या माणसापर्यंत नक्की पोचली होती. माझी माफी मालकाच्या टेबलापलीकडे गेली की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

नवा 'पीस' पुढे चांगला फुलला. आमच्या उन्हात रंग जरा उडायचा, पण फूल तळहात भरून यायचे. जंगली मी उपटला नाही. त्याने कुणाला फसवले नव्हते. पावसाळा सरला की छाटणी करताना मी आधी खाली बसून दोघांचे सांधे पाही, मगच कात्री उचली. जंगलीवरची पट्टी तेवढी काढून टाकली. तिथे काय नाव लिहावे, असे मी हिला विचारले.

"तुमचंच लिहा," ही म्हणाली, "खात्रीची जात आहे."