उभ्या गाडीतील पेट्रोल आणि सातवी आज्ञा



रात्री अंगणात किंवा गल्लीत उभ्या केलेल्या गाडीतून पेट्रोल काढून नेले जाते, ही तक्रार आपल्याला नवी नाही. पहाटे पाळीला निघालेली परिचारिका किंवा भाजी घेऊन बाजाराला निघालेला शेतकरी गाडी सुरू करू पाहतो, तर टाकी कोरडी! मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. हातावर पोट असणाऱ्याचे दोन-तीन लिटर गेले, तर त्याच्या दिवसाच्या कमाईला कात्री लागते.

उपाय साधे आहेत. गाडी फाटकाच्या आत किंवा उजेडात ठेवावी. मोटारीच्या टाकीची बाजू भिंतीकडे करावी. चावीचे झाकण बसवावे. जुन्या दुचाकीची टाकीखालची नळी सहज निघते, म्हणून ती अधिक जपावी.

पण कुलूप लावणे म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे काय, असा प्रश्न काहींना पडतो. प्रभू येशूने चोराचा दाखला दिला, तेव्हा घर राखणाऱ्या धन्याला दोष दिला नाही. उलट आपल्याला त्याच्यासारखे जागे राहण्यास सांगितले. दूरदर्शीपणा हा सद्‌गुण आहे. शिवाय कुलूप जसे मालकाला राखते, तसे दुबळ्या मनाच्या माणसालाही राखते. संत आगस्टीन यांनी सोळाव्या वर्षी सोबत्यांसह शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, फळे बहुतेक डुकरांपुढे टाकली. आपण एकटे असतो तर हे केले नसते, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले. आपल्या आळीतील मुलेही अनेकदा अशाच संगतीने बिघडतात. पापाचा प्रसंग टाळण्यास त्यांना मदत करणे ही प्रीतीच आहे. पालकांनी हेही सांगावे, की नळी तोंडाने ओढताना पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते.

मात्र कुलूप टाकीला असावे, माणसाला नको. चोरी झाली की आपले बोट लगेच परप्रांतीय मजुराकडे, भाडेकरूकडे किंवा शाळा सोडलेल्या एखाद्या मुलाकडे वळते. पुरावा नसताना कोणाला चोर ठरवणे हा आठव्या आज्ञेचा भंग आहे. गेलेले पेट्रोल पुन्हा भरता येते. गेलेले नाव भरून काढणे फार कठीण. संशयावरून कोणाला मारहाण करणे, हे तर चोरीपेक्षा मोठे पाप.

मग गरजेचे काय? संत थॉमस अक्विनास शिकवतात की, जीव वाचवण्याची तातडीची आणि उघड गरज असेल, दुसरा मार्ग नसेल, तर दुसऱ्याच्या वस्तूतून गरजेपुरते घेणे ही चोरी ठरत नाही. मौजेसाठी फेरफटका मारणाऱ्याला ही सवलत नाही. पण हा विचार आपल्यालाही एक प्रश्न विचारतो. रात्री दोन वाजता शेजाऱ्याला बायकोला प्रसूतीसाठी न्यायचे असेल आणि त्याची टाकी रिकामी असेल, तर तो आपले दार वाजवू शकतो का? टाकीला कुलूप लावणाऱ्याने ती चावी द्यायचीही तयारी ठेवावी.

ज्याने चोरी केली, त्याने केवळ पापनिवेदन करून थांबू नये. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरे भरून देण्यास सांगितले आहे. जक्कयानेही चौपट परतफेडीची तयारी दाखवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिताही याच दिशेने जाते. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. कायदाही सुधारण्यास वाव देतो; मग आपण का देऊ नये? ज्याला उघडपणे परत देण्याची लाज वाटते, त्याने पैसे धर्मगुरूंकडे द्यावेत. ते मालकाला पोहोचतील, नाव कोणाला कळणार नाही.

आणखी एक गोष्ट. निम्म्या भावात पेट्रोलची बाटली देणाऱ्या मुलाला, 'कुठून आणलीस?' असे न विचारता जो ती घेतो, तोही या पापात भागीदार आहे. घेणारे हात थांबले, तर काढणारे हातही थांबतील.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने एकत्र बसून आपल्या आळीतील अंधाऱ्या जागा पाहाव्यात, तिथे दिवे लावून घ्यावेत आणि रिकाम्या हिंडणाऱ्या मुलांची नावे चोर म्हणून नव्हे, तर प्रार्थनेसाठी आणि कामधंद्यासाठी लिहून आमच्याकडे द्यावीत. प्रभू आपल्या घरांचे आणि आपल्या मनांचे रक्षण करो.