येणे बाकी

बँकेत 'राइट ऑफ' नावाचा एक प्रकार असतो. कर्ज थकलं, वसुलीची आशा मावळली आणि तेवढ्या रकमेची तरतूद नफ्यातून करून झाली, की बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. शुद्ध मराठीत याला 'निर्लेखन' म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'कर्जे माफ' असा मथळा येतो आणि तिसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर कोणीतरी पेढे घेऊन उभं राहतं. एका गृहस्थांनी तर मला खरोखरच पेढा भरवला होता. तो गिळून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. ताळेबंदातून गेलं, तरी तुमच्याकडून येणं आहे ते आहेच. आम्ही मागायला येणारच." त्यांनी शांतपणे पुड्याला रबर लावलं आणि पुडा परत पिशवीत ठेवला.

लोकांना एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, याचं मला वीस वर्षं नवल वाटत होतं. गेल्या मे महिन्यात ते वाटायचं थांबलं. त्याला कारण आमची हार्ड डिस्क.

आमच्या घरी २०१० साली घेतलेला एक कॉम्प्युटर आहे. घेतला तेव्हा त्याला देवासारखं वागवलं. पुढे घरात मोबाइल आले आणि देवाचं टेबल झालं. त्याच्यावर आता दुधाचं कॅलेंडर, इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब आणि एक मनीप्लांट असतो. पण आईच्या एकसष्टीचे सगळे फोटो त्याच्या पोटात होते. आई २०१४ मध्ये गेली. वहिनीचा निरोप आला, की आईचा नथ घातलेला फोटो मोठा करून लावायचा आहे, तेवढा पाठवा. म्हणून मनीप्लांट बाजूला करून मी बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ. तात्पर्य असं, की सुरू करायला इथे काहीच सापडत नाही.

"कोणाला तरी बोलवा," सौ. म्हणाली.

हे वाक्य ऐकलं, की कुठलाही नवरा पेचकस शोधायला लागतो. मी झाकण काढलं. आत पंधरा वर्षांची धूळ होती आणि डिस्क नावाची एक जड, चपटी डबी होती. तिच्यात दोन वायरी जात होत्या. एक विजेची आणि दुसरी माहितीची. दुसरी ढिली झाली होती. ती दाबून बसवली आणि काय सांगू, कॉम्प्युटर सुरू झाला! वाचकहो, डिस्क दिसेनाशी झाली, तर पहिल्यांदा वायर बघावी, हा उपदेश मी अनुभवाने करतो आहे. दुसरा उपदेश असा, की वायर बसल्यावर उठावं आणि चहा प्यावा.

मी उठलो नाही. कॉम्प्युटर जरा रखडत चालत होता, तेव्हा आता हात लागलाच आहे, तर विंडोज नव्याने घालून टाकू, असं मी ठरवलं. जुनी तबकडी घातली. तिने विचारलं, कुठल्या भागात घालू? डिस्कचे दोन भाग होते. बँकेतल्या सवयीने मी मोठ्या खात्याला मान दिला. मग तिने बजावलं, की इथलं सगळं जाईल, चालेल का? 'वाचल्याशिवाय सही करू नका,' असं मी काउंटरवर दिवसातून चाळीस वेळा सांगतो. मी न वाचता 'हो' म्हटलं. दहा सेकंदांत काम झालं. आणि मग लक्षात आलं, की आई त्याच भागात होती.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला फोन केला. तो ओरडलाच, "काका, आधी बंद करा! त्याच्यावर आता एक अक्षरसुद्धा लिहू नका. मी येतो."

रविवारी तो आला. डिस्कचे चार स्क्रू काढून त्याने आमच्या आमटीच्या वाटीत ठेवले, डिस्क एका वायरीने आपल्या लॅपटॉपला जोडली आणि शेजारी दुसरी रिकामी डिस्क ठेवली. सापडेल ते या दुसरीवर उतरवायचं. त्याच डिस्कवर उतरवायला गेलं, तर एक फोटो वाचवताना दुसरा त्याच्याखाली गाडला जातो. मी मदत म्हणून विचारलं, "डबी उघडून आत फुंकर मारू का?" त्याने डबी माझ्यापासून लांब सरकवली. आतल्या चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारी सुई, तो तिला 'हेड' म्हणतो, चकतीला न टेकता तरंगत जाते. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असतं. धुळीचा एक कण म्हणजे तिच्या वाटेत डोंगर.

"पण सगळं पुसलंय ना मी?" मी विचारलं.

"काही पुसलं नाहीये. तुम्ही फक्त अनुक्रमणिका फाडलीत. कोणती फाइल कुठे आहे, याची यादी गेली. फाइली आहेत तिथेच आहेत. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं, तरच पहिलं जातं. एखादी फाइल डिलीट करता, तेव्हाही तेच होतं."

"म्हणजे राइट ऑफ!" मी म्हणालो.

शोध बराच वेळ चालणार होता. तेवढ्यात मी हार्ड डिस्कचा इतिहास वाचून काढला. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, वजन सुमारे एक टन आणि मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलमधला एक बरा फोटो तेवढी जागा खातो. ज्या यंत्रात ती बसवली, त्याचं नाव रॅमॅक, आणि त्या नावाची फोड केली, तर आत चक्क 'अकाउंटिंग' निघतं. रँडम ॲक्सेस मेथड ऑफ अकाउंटिंग अँड कंट्रोल. म्हणजे हार्ड डिस्कचा जन्मच मुळी हिशेब लक्षात ठेवण्यासाठी झाला. मला तिच्याबद्दल भाऊबंदकी वाटू लागली. भाऊबंदकीचा दुसरा अर्थ मला तासाभरात आठवायचा होता.

फोटो यायला लागले. नथ, हार, औक्षण, मांडवात रुसलेली आत्या. नावं मात्र गेली होती, कारण नावं यादीत असतात. प्रत्येक फाइलला नुसता नंबर होता आणि आत काय आहे, ते उघडल्याशिवाय कळत नव्हतं. पुतण्या एकेक उघडत चालला होता. मग एक तक्ता उघडला. पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'दादाकडून येणे'.

खोलीत पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

हकिगत सांगायलाच हवी. आई शेवटी एकोणीस दिवस दवाखान्यात होती. बिलं मी भरत गेलो. निम्मा खर्च दादाने द्यायचा, असं न बोलता ठरलेलं. त्याचा धंदा तेव्हा बसला होता. त्याने जमेल तेवढे दिले आणि राहिले ४१,३५० रुपये. मी बी. कॉम. असल्यामुळे तक्ता केला. मी ते पैसे दादाकडे कधी मागितले नाहीत. फक्त आत्याजवळ बोललो, त्यामुळे सगळ्यांना कळलं. २०१६ च्या दिवाळीत मात्र माझं मन मोठं झालं. मी तक्ता डिलीट केला, केराची टोपलीही रिकामी केली आणि सौ.ला जाहीर केलं, की मी विसरलो. त्यानंतर दादाने स्कूटर घेतली, तेव्हा मला ती स्कूटर ४१,३५० रुपये वजा करून दिसली. वहिनीने फ्रीज बदलला, तोही तसाच. ताळेबंदात नव्हतं, पण शाखेत वसुली चालू होती.

पुतण्या तक्ता खाली सरकवत होता. औषधं. तपासण्या. शहाळी दोन, पन्नास रुपये. रिक्षा, दवाखाना ते घर, साठ रुपये.

"काका, रिक्षा रोज तुमचीच दिसते. बाबांची एकही नाही."

"त्याने सांगितली नसेल."

"बाबा रात्री घरी यायचेच नाहीत तेव्हा," तो साधेपणाने म्हणाला. "मी पाचवीत होतो. आई मला शेजारी झोपायला पाठवायची."

रिक्षा नव्हती, कारण दादा परतच येत नव्हता. सकाळी बँक असते म्हणून मी रोज नऊ वाजता घरी येऊन झोपलो, आणि आईच्या पलंगाशेजारी बाकड्यावर एकोणीस रात्री तो होता. माझ्या तक्त्यात शहाळ्याला रकाना होता, रात्रीला नव्हता.

कॉमर्सच्या पोराला सगळ्यात आधी द्विनोंदी पद्धत शिकवतात. प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असलीच पाहिजे. मी एकच बाजू लिहिली, तिची बेरीज केली आणि वर ती रक्कम माफ केल्याचं समाधान दहा वर्षं व्याजासकट उपभोगलं. रात्रीच्या माणसाचा दर काय असतो, याचा मी क्षणभर मनात हिशेब सुरूही केला होता. मग माझी मलाच लाज वाटली.

'झालं गेलं विसरून जा' असं आपण एकमेकांना सांगतो आणि विसरणं हाच मोठेपणा समजतो. मला आता तसं वाटत नाही. विसरणं म्हणजे नुसती यादी फाडणं, आणि ते दहा सेकंदांत होतं. मजकूर जागेवरच राहतो आणि नाव नसलेल्या फाइलीसारखा नको तेव्हा उघडतो. शिवाय त्यात तोटा असा, की पुसलेला हिशेब पुन्हा तपासता येत नाही. तक्ता डोळ्यांसमोर राहिला असता, तर कदाचित रिक्षाचा रकाना मला आधीच टोचला असता. माफ करण्यापूर्वी मुळात काही येणं आहे का, हे बघायला नको का? दुसऱ्याला क्षमा करण्याच्या घाईत आपण किती वेळा आपलंच देणं पुसून मोकळे होत असू!

"खरंखुरं पुसायचं असेल, तर काय करतात?" मी पुतण्याला विचारलं.

"पूर्ण फॉरमॅट. त्यात प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं जातं. तासन् तास लागतात. चकत्या नसलेल्या नव्या डिस्क निघाल्यात, त्यांच्यात डिलीट केलेलं बहुतेक वेळा खरंच जातं. परत मिळत नाही."

नव्या पिढीचं बरं आहे. आम्ही चकतीवाले.

"मग हा तक्ता ठेवू, की उडवू?" त्याने विचारलं. या मुलाने दुपारभर बसून माझी आई मला परत मिळवून दिली होती आणि त्याच्या बापाचं नाव त्याच्यासमोर पडद्यावर थकबाकीदार म्हणून उभं होतं. आवाजात मात्र काही नव्हतं.

"ठेव," मी म्हटलं. "आणि पहिली ओळ बदल. 'दादाला देणे' असं लिही. खाली एक ओळ वाढव. रात्री, एकोणीस."

"रक्कम?"

"रकाना रिकामा राहू दे."

संध्याकाळी फोटो घेऊन आम्ही दोघं दादाकडे गेलो. वहिनीने नथीचा फोटो निवडला. दादा बराच वेळ तो बघत राहिला. वहिनी चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, तुझं माझ्याकडे येणं निघालंय."

"माझं? किती?"

"हिशेब लागत नाही."

दादाने पोराकडे पाहिलं, पोराने पंख्याकडे. मग दादा खूप दिवसांनी मोकळा हसला. "आता कुठे उकरतोस? राइट ऑफ करून टाक."

आणि मला, वीस वर्षांच्या सवयीने, त्याला समजावून सांगावं लागलं, की राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे.