उपाशी बुरशी

चंडीगडच्या सेक्टर 39 मध्ये धान्याची मंडी आहे आणि सूक्ष्मजीवांची कोठीही. 1984 साली उभ्या राहिलेल्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, ‘इम्टेक’मध्ये, 1986 पासून जिवाणू, बुरश्या आणि यीस्ट यांचे वाण गोठवून, सुकवून काचेच्या बंद कुप्यांत जपले जातात. बुडापेस्ट करारामुळे 2002 पासून इथली ठेव परदेशातल्या पेटंट कचेऱ्याही ग्राह्य धरतात. मंडीत भात येतो. पेंढा मात्र शेतातच राहतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतो.

पेटवणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. भूजल वाचावे म्हणून पंजाबने 2009 साली कायद्याने भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. कापणीही तशीच लांबली आणि गहू पेरायला जेमतेम तीन आठवडे उरले. रान मोकळे करायला आगीला एक दुपार पुरते.

पेंढा कुजवणाऱ्या बुरशीचे तसे नाही. तिला तोंड नाही, पोट नाही. ती आपले पाचक रस अंगाबाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि तयार साखर शोषून घेते. हे रस म्हणजेच एन्झाइम. सेल्युलोज म्हणजे साखरेच्याच कड्यांची साखळी. पण पेंढ्यात ती हेमिसेल्युलोज आणि लिग्निनच्या गिलाव्याखाली दडलेली असते, वर भाताच्या काडीत सिलिका भरपूर. तो गिलावा फोडून आत शिरायचे म्हणजे वेळखाऊ काम.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी फौजेचे सुती तंबू कुजू लागले. त्या कुजक्या कापडावर सापडलेली बुरशी पुढे शास्त्रज्ञ एल्विन रीज यांच्या नावाने ‘ट्रायकोडर्मा रीसेई’ झाली. रीज आणि मेरी मँडेल्स यांचा शोध सुरू झाला तो कापड वाचवण्यासाठी. मग लक्षात आले, की तंबूंचा हा शत्रूच सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमचा, सेल्युलेजचा, उत्तम कारागीर आहे. आज जीन्सचे कापड मऊ करायला सेल्युलेज वापरतात. आपल्याकडे हरभऱ्याच्या मर रोगावर कृषी सेवा केंद्रातून जी ट्रायकोडर्माची पुडी आणतात, ती याच कुळातली.

या बुरशीचा एक स्वभाव मला फार विचार करण्याजोगा वाटतो. ग्लुकोज आयते मिळाले, की ती सेल्युलेज बनवणे थांबवते. सुखवस्तू घरातल्या मुलासारखी हातपाय हलवीत नाही म्हणा. समोर पेंढा हवा, पण साखर हवी तेवढी नको. तेव्हाच ती रस सोडते. तिचे पोट भरलेले राहू नये आणि तिने मरूही नये, एवढ्या अरुंद वाटेवर हा सगळा धंदा चालतो. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात ब्लँड माँटेनकोर्ट आणि डग्लस एव्हली यांनी ही सवय बरीच मोडलेले उत्परिवर्तित वाण मिळवले. पोटापुरते करणाऱ्या जिवाला माणसाने विक्रीसाठी राबवले, असे म्हणायला हरकत नाही.

एन्झाइमसाठी कोंड्यावर बुरशी वाढवण्याची रीत तर त्याहून जुनी. जोकिची ताकामिने यांनी 1894 साली गव्हाच्या कोंड्यावरच्या कोजी बुरशीपासून काढलेल्या पाचक एन्झाइमचे अमेरिकेत पेटंट घेतले. तबकात ओलसर कोंडा, वर बीजाणू, मग काही दिवसांची वाट. त्यातही खोड आहे: वाढणारी बुरशी स्वतःच उष्णता सोडते, आणि थर जाड झाला तर आपल्याच उबेने होरपळते. कचऱ्यापासून सोने म्हणणाऱ्यांनी हे तबक एकदा हाताळून पाहावे.

पानिपतला 10 ऑगस्ट 2022 रोजी इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्याचा हिशेब. तिथेही आधी पेंढा सैल करायचा, मग एन्झाइमने साखर, मग यीस्ट. पण पेंढा गोळा करून, गाठी बांधून, कोरडा साठवण्याचे काम कोणत्याच कुपीतला जीव करत नाही.

महाराष्ट्रात उसाच्या खोडव्यात शेतकरी पाचट जाळण्याऐवजी सरीत दाबतो, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे संवर्धक टाकतो. पाचटात कार्बन उदंड, नत्र तुटपुंजे, म्हणून युरिया. ते महिनोन्महिने कुजत राहिले तरी बिघडत नाही, कारण खोडवा वर्षभर त्याच रानात उभा असतो. पंजाबच्या शेतकऱ्याला तेवढ्यात गहू पेरून, काढून, पुन्हा भात लावायचा असतो.