गैरहजर पालकांच्या वतीने

शाळा कुणाची, या प्रश्नाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने धीट उत्तर दिले. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाचा विनियोग त्यांच्याकडे सोपविला. (अल्पसंख्याक व अनुदानित शाळांत, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या शाळांत, २०१२ च्या दुरुस्तीने ही समिती केवळ सल्लागार ठरली. पुष्कळ व्यवस्थापनांना तेव्हा हायसे वाटले असावे.)

परंतु सांगली जिल्ह्यातील जतसारख्या दुष्काळी तालुक्यात हे उत्तर अपुरे पडते. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्यांच्या मुलांची शाळा तुटते, नेमके तेच पालक बैठकीला नसतात. इतिवृत्ताच्या वहीत सह्या होतात, गणसंख्या भरते, नियमाचे समाधान होते.

मग बैठकीत बसलेल्या पालकाने कुणासाठी बोलावे? स्वतःच्या मुलाच्या वर्गाला पंखा मागणे गैर नव्हे. त्याच ओढीने तर तो येतो. तरीही, आमच्या मते, त्याचे पहिले उत्तरदायित्व फडावर गेलेल्यांच्या मुलांशी आहे, कारण त्यांच्यासाठी मागणारे तिथे दुसरे कुणी नाही. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण मुकादमाची उचल घरात आल्यावर, टोळी निघण्यापूर्वीच, सदस्यांनी त्या घरांचे उंबरे झिजवायला हवेत. कित्येकदा आजी नातवंडाला ठेवून घ्यायला राजी असते. तिला कुणी विचारलेलेच नसते.