‘हू’ की ‘हूम’?

दार वाजलं आणि आतून कुणी ‘हू इज इट?’ विचारलं, तर इंग्रज माणूस ‘इट्स मी’ म्हणतो. आमच्या शाळेतल्या व्याकरणाप्रमाणं त्यानं ‘इट इज आय’ म्हणायला हवं. तसं म्हणणारा मला तरी सिनेमातसुद्धा भेटलेला नाही!

दुपारी माझ्याकडं चार-पाच जणी इंग्रजी बोलायला शिकायला येतात. त्यातल्या एकीनं मुलाच्या शाळेत पालकांच्या मीटिंगला धीर करून विचारलं, ‘हू शुड आय आस्क?’ बाईंनी सगळ्यांदेखत सुधारलं, ‘हूम.’ ती खाली बसली. पुढच्या मीटिंगला नवऱ्याला पाठवलं. तिचा प्रश्न काय होता, हे कुणी विचारलंच नाही.

खरं तर असं ‘हू’ शेक्सपियरच्या पात्रांच्या तोंडीही आहे. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा धाकही असाच. 1672 साली ड्रायडननं बेन जॉन्सनच्या वाक्यांवर त्यासाठी बोट ठेवलं. 1762 साली व्याकरण लिहिणारे रॉबर्ट लाउथ तर म्हणाले होते, की बोलण्यात ते चालतं, भारदस्त लेखनात मात्र टाळलेलं बरं. पुढच्या मास्तरांनी त्या ‘बरं’ची ‘चूक’ करून टाकली.

आमच्या बेळगावात बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. पण उंबऱ्यातून ‘येतो हं काकू’ म्हणणारी बाई की पुरुष, हा घोळ इथं आजवर कुणाचा झालेला नाही.

‘मग काकू, ‘शी गो’ पण चालू दे की,’ एक म्हणाली. नाही चालणार. ऑफिसात, बँकेत इंग्रजी बोलणारी माणसं तसं बोलत नाहीत. ऐकणारा तिथंच अडखळतो आणि आपल्याला कमी लेखतो. ‘हू’ला कुणी अडखळत नाही, लाल पेन घेऊन बसलेला सोडून. हा फरक शिकणाऱ्याला सांगायचा नाही आणि दोन्हीला सारखंच ‘चूक’ म्हणायचं, हे मला खोटं बोलण्यासारखं वाटतं. शिकणारीला ते पडताळता येत नाही, ती आपल्या शब्दावर विसंबते, म्हणून तर जास्तच.

पण मार्कांचं काय? तेही खोटं नाही. दहावीच्या पोरानं पेपरात ‘हूम’च लिहावं, असं मीच सांगते. तपासणारा कोण असेल, कुणास ठाऊक. त्याच्या एका मार्कावर माझी मतं कशाला तपासून बघायची?

म्हणून मी वहीत दोन रकाने आखून देते, ‘बोलताना’ आणि ‘पेपरात’. ‘डिडन्ट वेन्ट’ दोन्हीकडं खोडायचं. ‘हू’ पहिल्यात, ‘हूम’ दुसऱ्यात. ‘आय शाल’ही दुसऱ्यातच बसलाय, आणि ‘शाल म्हणजे थंडीतली का?’ म्हणून त्या अजून हसतात. मीटिंगवाली मात्र परवा म्हणाली, ‘काकू, त्या बाईंना पण एक वही द्या की.’