प्रेक्षकाचा फलत्याग

खेळ पाहणारा मनुष्य स्वतः कांहीं करीत नाहीं, म्हणून त्याला नीतीचे नियम लागू पडत नाहींत, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. खेळणाऱ्यानें सचोटीनें खेळावें, हरल्यास खचूं नये, जिंकल्यास माजूं नये, हा उपदेश आपण त्याला आरामखुर्चींत बसून करतों. परंतु त्या खुर्चींतही एक कर्म चाललेलें असतें, आणि तें म्हणजे न्यायनिवाड्याचें. कोण थोर, कोण दुबळा, कोणाचा जय गुणाचा आणि कोणाचा दैवाचा, याचे निकाल टेनिसचे रसिक सामना संपतांच देऊन मोकळे होतात. हे निकाल आपण कोणत्या पुराव्यावर देतों, हा प्रश्न मला बरेच दिवस छळीत आला आहे. आणि त्याचा उगम माझ्याच घरीं झाला.

१४ जुलै २०१९ च्या रात्रीं आम्ही सारे विंबल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना पाहत बसलों होतों. एका बाजूला रॉजर फेडरर, दुसऱ्या बाजूला नोव्हाक जोकोविच. फेडररचा एकहाती बॅकहॅन्ड आणि जाळ्याकडे झेपावण्याची ऐट यांचा मी जुना भक्त. जोकोविचची अभेद्य बचावाची शैली मला कळत होती, पण रुचत नव्हती. पांचव्या सेटमध्यें ८-७ अशी आघाडी असतां सर्व्हिस फेडररची होती आणि विजेतेपदाला एकच गुण कमी होता. शिवाय तो मिळविण्याची संधि दोनदां होती. पहिल्या वेळीं त्याचा फोरहॅन्ड रेषेबाहेर गेला. दुसऱ्या वेळीं तो जाळ्याशीं आला आणि जोकोविचनें चेंडू त्याच्या बाजूनें तिरका काढून दिला. जवळजवळ पांच तासांनीं सामना संपला, तो ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जोकोविचच्या बाजूनें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं मीं निकाल दिला, “ऐन वेळीं त्याचें मन कच्चें ठरलें.” त्यावर माझी मुलगी शांतपणें म्हणाली, “बाबा, तो पहिला फटका रेषेच्या आंत पडला असता, तर आज तुम्हीं त्याला काय म्हटलें असतें?” धीरोदात्त म्हटलें असतें, यांत मला शंका नव्हती. मनुष्य तोच, मन तेंच. फरक तो चेंडू कोठें पडला एवढाच.

पुढें मीं त्या सामन्याचे आंकडे पाहिले. फेडररनें २१८ गुण मिळविले होते, जोकोविचनें २०४. गेमही फेडररचेच अधिक. ३६ विरुद्ध ३२. टेनिसमध्यें सर्व गुणांचें मोल सारखें नसतें, ही त्या खेळाची खुबी आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पांचव्या सेटमध्यें १२-१२ झाल्यावर टायब्रेकर खेळावा, हा नियम विंबल्डननें त्याच वर्षीं लागू केला. २०२२ पासून तो टायब्रेकर ६-६ लाच खेळला जातो. म्हणजे हाच नियम तीन वर्षें आधीं असता, तर ८-७ हा आंकडाच फलकावर आला नसता, आणि ज्या दोन गुणांवरून मीं एका मनुष्याच्या शीलाची परीक्षा केली, ते गुण खेळलेच गेले नसते!

सामन्यांच्या जोडणींतही, म्हणजे रसिक ज्याला ‘ड्रॉ’ म्हणतात त्यांत, दैवाचा असाच हात असतो. विंबल्डनच्या एकेरींत १२८ खेळाडू असतात. पैकीं बत्तीस मानांकित खेळाडूंची आरंभींच आपसांत गांठ पडूं नये अशी योजना असते. त्यापुढें सारें चिठ्ठीच्या स्वाधीन. २०१० मध्यें जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पहिल्या फेरींतील सामना तीन दिवस चालला आणि पांचवा सेट ७०-६८ असा सुटला. इस्नर जिंकला, पण गुण माहूचे ५०२ आणि इस्नरचे ४७८. थकलेला इस्नर पुढल्याच फेरींत तीन सरळ सेटमध्यें हरला. आणि पुढील वर्षीं चिठ्ठीनें त्याच दोघांना पहिल्याच फेरींत पुन्हां एकमेकांसमोर उभें केलें.

मग सर्वच जय दैवाचे मानावे काय? तसें मानणें हा उलट दिशेचा अन्याय होईल. त्या रात्रींचे तिन्ही टायब्रेकर जोकोविचनें जिंकले. मोलाचा गुण मोलाच्या वेळीं मिळविणें हा गुणच आहे. प्रतिकूल प्रेक्षकांपुढें तो सिद्ध करून दाखविणाऱ्याला ‘नशीबवान’ म्हणणें हा निव्वळ कोतेपणा आहे. आपला खेळाडू जिंकला कीं गुण, आणि दुसरा जिंकला कीं दैव, हें पक्षपाती रसिकाचें तर्कशास्त्र. माझें तर्कशास्त्र याहून वाईट होतें. मीं निकाल लागतांच स्वतःच्या आवडत्या खेळाडूलाही सोडून दिलें.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वचिंतकांनीं या कोड्याला ‘नैतिक दैव’ असें नांव दिलें. जें मनुष्याच्या हातीं नाहीं, त्यासाठीं त्याला दोष किंवा श्रेय कसें द्यावें? मीं हें वर्गांत अनेकदां शिकविलें आहे. आणि तरीही बऱ्याच वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्याचा पहिला वर्ग अवघ्या दोन गुणांनीं हुकला, तेव्हां त्याच्यासाठीं मीं लिहिलेलें शिफारसपत्र आदल्या वर्षीं लिहिलेल्या पत्राहून पुष्कळच थंड होतें. पूर्वीं ‘कुशाग्र’ म्हटलेल्या मुलाला मीं आतां ‘मेहनती’ म्हटलें. कोणाची उत्तरपत्रिका कोणत्या परीक्षकाच्या गठ्ठ्यांत जाते, हीही एक चिठ्ठीच. आणि मी स्वतः परीक्षक असल्यानें हें मला पुरतें ठाऊक होतें. दोन वर्षें त्याची बुद्धि मीं समोर पाहिली होती. पण दोन गुणांनीं माझ्या डोळ्यांची साक्ष खोटी ठरविली, आणि मीं ती ठरवूं दिली. त्या पत्राचें पुढें काय झालें, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

फळावर दृष्टि न ठेवतां कर्म करावें, ही गीतेची शिकवण कर्त्यासाठीं आहे, असें आपण धरून चालतों. खेळाडूंना ती दुसऱ्या वाटेनेंही भेटते. जय आणि पराजय यांना एकाच मापानें मोजावें, अशा आशयाच्या मुंबईंत जन्मलेल्या किप्लिंगच्या कवितेंतील ओळी विंबल्डनच्या मुख्य कोर्टाच्या दाराशीं कोरलेल्या आहेत. खेळाडू त्यांखालून आंत जातो. प्रेक्षक मात्र दुसऱ्या दारानें येतो. मला वाटतें, फलत्यागाची गरज प्रेक्षकाला अधिक आहे. करंडक कोणाचा, हें नियमानें ठरावें, आणि तो निर्णय आपण निमूटपणें मान्य करावा. पण मनुष्य कसा आहे, हें नियम ठरवीत नाहीं. तें आपण स्वतः पाहिलेल्यावरूनच ठरवावें, आणि ठरविलेलें निकालाच्या भीतीनें बदलूं नये.

२०२४ मध्यें अमेरिकेंतील एका पदवीदान समारंभांत फेडररनें सांगितलें कीं, आपण सुमारें ऐंशी टक्के सामने जिंकलों, पण गुण मात्र चौपन्न टक्केच. तें ऐकतांना मला त्या विद्यार्थ्याची आठवण झाली. त्याला आज पत्र लिहावयाचें झाल्यास मी पहिलाच शब्द लिहीन. पण तो मागावयास येणार नाहीं.